वरचं मशीन, खालची नाइट

पत्र

ताई,

मी एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. डोंबिवली पूर्वेला चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. महिन्यातला एक आठवडा, कधी दहा दिवस, नाइट लागते. सकाळी साडेनऊला घरात पाऊल टाकते, दोन घास खाऊन दहाला आडवी होते आणि बरोबर माझ्या उशीवर मशीन सुरू होतं. वरच्या वहिनी घरी ब्लाउज शिवतात, फॉल-पिकोही करतात. मशीनला मोटर आहे. दुपारी एकपर्यंत नुसती धडधड. मध्येच त्यांच्या सासूबाईंचं वॉकर घेऊन या खोलीतून त्या खोलीत ठक-ठक. साडेबाराला मुलगा शाळेतून आला की चेंडू.

हे बिऱ्हाड दोन वर्षांपूर्वी आलं. पहिल्यांदा जिन्यात सांगितलं, तर म्हणाल्या, "दिवसाढवळ्या कोण झोपतं?" मग मी झाडूच्या दांड्याने छत ठोकायला लागले. गेल्या महिन्यात बारा तासांची ड्यूटी करून आले होते, डोकं फिरलं आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, "काही लोकांना शेजारधर्म म्हणजे काय तेच माहीत नसतं." त्यांनी लगेच लिहिलं, "नाव घेऊन बोला." तेव्हापासून बोलणं बंद. संक्रांतीच्या हळदीकुंकवालाही बोलावलं नाही. आता त्या मुद्दाम करतात अशी माझी खात्रीच झाली आहे. मी ठोकलं की मशीन जास्त जोरात चालतं.

सेक्रेटरी म्हणतात, आपसात मिटवा. आमचे हे म्हणतात, राहत्या जागेत धंदा चालवतात असा अर्ज दे, मशीनच बंद होईल. मला फक्त झोप हवी आहे. तक्रार नक्की कुठे करू?

— एक वाचक, डोंबिवली

उत्तर

तो अर्ज देऊ नका. बाकीचं सगळं बोलू, पण यजमानांनी सुचवलेला तो अर्ज आधी डोक्यातून काढा. त्याने मशीन बंद होईलच याची खात्री नाही, पण वैर मात्र कायमचं होईल. आणि समजा झालं बंद, तर तुमच्या झोपेसाठी एका बाईची कमाई गेली. त्या शांततेत तुम्हाला झोप लागेल का? शिवाय अर्जाला अर्ज येतो. उद्या तुमच्या दारातला चपलांचा स्टँड, गॅलरीतल्या कुंड्यांचं गळणारं पाणी आणि वाळत घातलेल्या चादरी, सगळ्यांची मोजदाद सुरू होईल. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत अशी दोन-दोन, तीन-तीन वर्षं चाललेली अर्जांची लढाई असते आणि मूळ आवाज कुठला होता हे शेवटी दोन्ही घरांना नीट आठवत नसतं.

तुम्ही विचारलंत, तक्रार कुठे करू. म्हणून कायद्याचं आधी सांगते, म्हणजे ती वाट तुमची तुम्हालाच दिसेल. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. राहत्या वस्तीसाठी त्यात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. ही मर्यादा परिसरातल्या एकूण आवाजाची आहे, तुमच्या बेडरूमच्या छताची नाही. लाउडस्पीकर, बांधकामाची यंत्रं, फटाके, मोठ्याने लावलेली गाणी यांच्यासाठी ते नियम उपयोगाचे आहेत. रात्री अकराला कुणी भिंतीत ड्रिल घातलं किंवा गच्चीवर स्पीकर लावला तर बेधडक ११२ फिरवा, तिथे संकोच नको. पण सकाळी साडेदहाला घरात चाललेल्या शिलाई मशीनसाठी पोलीस येणार नाहीत आणि आले तरी तुमच्याकडेच बघून हसतील. फोनवर आवाज मोजायचं ॲप घेतलं असेल तर त्याचा आकडा अंदाजापुरता ठेवा, कागदाला जोडू नका.

तुमची खरी अडचण अशी की कायद्याची रात्र सुरू होते तेव्हा तुम्ही कामावर असता आणि तुमची रात्र सुरू होते तेव्हा अख्ख्या इमारतीचा दिवस सुरू झालेला असतो. नर्स, वॉचमन, गार्ड, कॉल सेंटरची मुलं, एसटीचे चालक, या सगळ्यांची हीच रड. त्यांच्यासाठी वेगळा नियम कुणी केलेला नाही. म्हणून तुम्हाला जे मिळवायचं आहे ते हक्काने मिळणार नाही, मागूनच मिळेल. हे कडू वाटेल, पण एकदा गिळलंत की पुढचं सोपं आहे.

आता मशीनकडे येऊ. टीव्हीचा, मिक्सरचा, भांडणाचा आवाज मुख्यतः हवेतून येतो. खिडकी लावली, दार ओढलं की उतरतो. मशीनचं तसं नाही. त्याचे लोखंडी पाय फरशीवर टेकलेले, फरशी स्लॅबला चिकटलेली आणि तो स्लॅब म्हणजेच तुमचं छत. हवेतला आवाज काँक्रीट बऱ्यापैकी अडवतं, पण त्याच्यावर बसलेला धक्का मात्र इमानेइतबारे खाली पोहोचवतं. त्यामुळे होतं काय, की मशीनशी बसलेल्या बाईला साधी घरघर ऐकू येते, आणि खाली पाठ टेकलेल्या बाईला धडधड. दोघी एकाच मशीनबद्दल बोलत असता, पण दोघींनी ऐकलेले आवाज वेगळे. "दिवसाढवळ्या कोण झोपतं" हे वाक्य उद्धट होतं, मान्य. पण आपल्या मशीनचा खाली काय आवाज येतो हे त्यांनी आजवर कधी ऐकलेलंच नाही, हेही धरून चला.

आणि "मी ठोकलं की जास्त जोरात चालतं" याबद्दल. मोटरच्या मशीनचं पेडल असतं. बाही लावताना, गळा वळवताना पाय हळू दाबतात, फॉलची लांब सरळ शिलाई आली की पूर्ण दाबतात. तुम्ही ठोकत असाल तेव्हा कदाचित फॉल चालू असेल. कदाचित रागही असेल, मी तिथे नव्हते. पण मोटर चालू असताना खालची दांड्याची ठोक त्यांना ऐकू जाते का, इथपासूनच मला शंका आहे. आवाजाने झोप मोडते ती एकदा. "मुद्दाम" हा शब्द मनात शिरला की मशीन सुरू व्हायच्या आधीच, पावणेदहालाच झोप उडते, कारण कान वाट बघत बसलेला असतो.

माझंच सांगते. मुलुंडला राहत होते तेव्हा रोज रात्री जेवणं झाली की डोक्यावर कुटल्याचा आवाज. पंधरा दिवस सोसलं, सोळाव्या दिवशी तणतणत वर गेले. दार उघडलं त्या बाईंच्या उजव्या हाताला प्लास्टर होतं, गळ्यात झोळी. कसं कुटणार त्या? दाण्याचं कूट करत होत्या त्यांच्या शेजारच्या, म्हणजे माझ्या तिरक्या वरच्या. ओट्यावर खलबत्ता, ओटा भिंतीला आणि भिंतीतून तो आवाज माझ्या डोक्यावर. मी दारात उभी राहून जे बोलले होते ते परत घेता आलं नाही. त्या बाई पुढे चार वर्षं जिन्यात भेटल्या, हसल्या, पण घरात कधी बोलावलं नाही.

तुमच्या वरच्यांचं मशीन हे त्यांचंच आहे, यात शंका नाही. पण चेंडूची खात्री आहे का? एकदा चेंडू सुरू असताना जिन्यात जाऊन उभ्या राहा. मुलगा दुसऱ्याच घरातला निघायचा.

ग्रुपवरचा तो मेसेज. बाई गं, तिथे चुकलंत. झोपमोड झालेल्या माणसाचं डोकं फिरतं, समजतं मला, आणि त्या सकाळी तुम्ही कुठल्या वॉर्डातून आला असाल कोण जाणे. पण जिन्यातलं भांडण दोघींचं असतं, ग्रुपवरचं चाळीस घरांचं होतं. त्यांच्या घरातल्या पुरुषांनी वाचलं, त्यांच्याकडे ब्लाउज टाकणाऱ्या बायकांनी वाचलं. हळदीकुंकवाला न बोलावणं हे त्याचंच उत्तर आहे, मशीनचं नाही. (लोक म्हणतात चाळीत असं नव्हतं. चाळीत नळावर कळशा आपटून भांडणं व्हायची आणि तीही अख्ख्या मजल्यासमोर. फरक एवढाच की तिथलं बोलणं संध्याकाळी हवेत विरायचं, हे मात्र स्क्रीनशॉट होऊन राहतं.)

म्हणून वर जा. नाइटच्या आठवड्यात नको, डोळे तारवटलेले असताना तर मुळीच नको. तुमची दिवसपाळी चालू असेल त्या आठवड्यातली एखादी संध्याकाळ धरा, दिवेलागणीनंतरची, गिऱ्हाइकांची वर्दळ संपल्यावरची. एकट्याच जा. यजमानांना नेऊ नका, सेक्रेटरींना तर नाहीच, नाहीतर शिष्टमंडळ वाटेल. पेढ्यांचा बॉक्सही नको, तो तहाचा नजराणा दिसतो. रिकाम्या हाताने गेलात तरी चालेल. आणि पहिलं वाक्य मशीनचं नसू दे. "वहिनी, ग्रुपवर लिहिलं ते चुकलं माझं. तुमच्याशीच बोलायला हवं होतं." एवढंच. "पण" लावू नका. माफीला "पण" लागला की तिची तक्रार होते. समोरून चार शब्द येतील, कदाचित दोन वर्षांचा साठा येईल, छत ठोकल्याचाही हिशेब निघेल. निघू दे. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर एक ओळ टाका, की तो मेसेज मी मागे घेते. स्पष्टीकरण देऊ नका, हात जोडलेले आठ इमोजीही नकोत.

मग तुमचं सांगा, आणि मोघम सांगू नका. "तुमच्या घरातून फार आवाज येतो" याचं कुणीच काही करू शकत नाही, घर म्हटलं की आवाज आलाच. तुमच्या पत्रात तीन आवाज आहेत. त्यातला एकच मागा, मशीनचा. चेंडू पोराचा आहे, दोन वर्षांत तो खाली मैदानावर जायला लागेल. "महिन्यातला एकच आठवडा, सकाळी दहा ते एक," असं तारखांसह सांगा. तुमचं ड्यूटीचं वेळापत्रक लागतं ना, त्यातल्या नाइटच्या तारखा एका कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या. फ्रिजवर लावतील किंवा मशीनच्या ड्रॉवरमध्ये टाकतील. आजपर्यंत त्यांना हेच माहीत नव्हतं की कुठल्या दिवशी खाली कुणी झोपलेलं आहे. रोज सांभाळून वागायला कुणालाच जमत नाही, पण सात दिवसांचं ठरवून जमतं.

जमलंच तर त्यांना एकदा खाली बोलवा. रविवारी, त्यांच्या यजमानांना वर दोरा न घालता मशीन मोकळंच चालवायला सांगा आणि वहिनींना तुमच्या पलंगावर पाच मिनिटं पडू द्या. माझ्या शंभर शब्दांनी होणार नाही ते त्या पाच मिनिटांत होईल.

मशीनवर उपाय आहे आणि तो महाग नाही. पायांखाली रबर. चांभाराकडे टायरच्या किंवा जुन्या सोलच्या जाड चकत्या मिळतात, चार कापून घ्यायच्या, शक्य असेल तर खाली दुहेरी सतरंजी. स्पंज किंवा फोम आणून देऊ नका. मऊ बसलं की स्टँड डुगडुगतो, शिलाई वाकडी जाते आणि तिसऱ्या दिवशी त्या ते काढून टाकतील, बरोबरच आहे त्यांचं. रबर कडक हवं. स्टँडचे नटबोल्ट ढिले असले तरी निम्मा खडखडाट तोच असतो, पाना फिरवला की गप्प. मशीन भिंतीला टेकलेलं असेल तर चार बोटं पुढे ओढायचं. हे सगळं "तुम्ही करा" असं सांगण्यापेक्षा चकत्या तुम्हीच आणून दिल्यात तर बरं. तुमच्या कमाईला धक्का न लावता मला झोप हवी आहे, हे बोलून पटत नाही, चकत्या दिसल्या की पटतं.

रबर लावूनही नाही भागलं तर वेळेचं बोला. शिवणकामात मशीनइतकंच बिनमशीनचं काम असतं. कटिंग, हुक, हातशिलाई, उसवणं. त्या एका आठवड्यात सकाळी हे आणि तीननंतर मशीन, असं होईल का विचारा. लग्नसराईत "नाही" म्हणतील, ऐकून घ्या. ज्या बाईला परवाच्या मुहूर्ताला सहा ब्लाउज द्यायचे आहेत ती तुमच्यासाठी थांबू शकत नाही, जशा तुम्ही सलाइन लावायचं सोडून कुणासाठी थांबू शकत नाही.

आता तुम्हाला न आवडणारं. झोपायची खोली बदला. तुमच्याच पत्रावरून कळतं की मशीन बेडरूममध्ये आहे. इमारतीत वरचं-खालचं घर एकाच नकाशाचं असतं, म्हणजे हॉलवर हॉल. मशीन खिडकीशी असेल तर ते उजेडासाठी असणार, सुईत दोरा ओवायला उजेड लागतो, ते हलवणं अवघड. तुमची गादी हलवणं सोपं. यजमान कामावर, घर रिकामं, सात दिवस हॉलमध्ये गादी घालून बघा. "मीच का हलायचं?" असं येईल मनात. कारण तुमचं हलणं आज दुपारी होऊ शकतं, त्यांचं कधी होईल ते त्यांच्यावर. पलंग भिंतीपासून वीतभर लांब ओढा, डोक्याची फळी भिंतीला टेकू देऊ नका. पंखा मोठा ठेवा, एकसुरी आवाजात बाकीचे बुडतात. कानात फोमचे बोळे घालत असाल तर चिमटीत वळून बारीक करायचे, कान वर ओढून आत सारायचे आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचे. नुसते टेकवले तर काही उपयोग नाही. त्यांनी चेंडू नि बोलणी कमी होतील, छतातून येणारी धडधड मात्र फारशी कमी होणार नाही. आणि कुणी छताला पीओपी करून घ्या म्हणालं तर पैसे घालवू नका. धक्क्याचा आवाज जिथे निघतो तिथे थांबवावा लागतो, वर एक सतरंजी पडली तर ती तुमच्या छताखालच्या पीओपीपेक्षा जास्त काम करेल.

एवढं करून नाइटचे दोन-तीन आठवडे गेले आणि काहीच बदललं नाही, तर सोसायटीला लेखी अर्ज द्या. त्यात "धंदा" हा शब्द नको. तारखा, वेळा, आपण काय काय करून पाहिलं ते, आणि मागणी एकच. प्रत घ्या, पोच घ्या. दुसऱ्या सभासदांना उपद्रव होईल असं वागू नये, हे सोसायटीच्या नियमावलीत, म्हणजे उपविधींत, असतंच, तेव्हा "आपसात मिटवा" म्हणून सेक्रेटरींना अंग काढता येणार नाही. कमिटीने दोन्ही घरांना बसवून वेळ ठरवून द्यावी, इतकंच मागायचं. पण मला वाटतं तिथवर जावं लागणार नाही.

असं का वाटतं ते सांगते. तुम्ही लिहिलंय, सासूबाईंच्या वॉकरचं "ठक-ठक". तुम्ही नर्स आहात, वॉर्डात रोज वॉकर बघता. चांगल्या वॉकरचा आवाज कसा येतो? येतच नाही फारसा, रबर टेकल्याचा दबका येतो. ठक वाजतं ते पायाखालची रबरी टोपी झिजून आतला पाइप फरशीला लागायला लागला की. म्हणजे ती म्हातारी रोज गुळगुळीत फरशीवर उघड्या पाइपावर भार टाकून चालते आहे, आणि हे त्या घरात कुणाच्याही लक्षात आलेलं नाही. खालच्या मजल्यावर पडल्या पडल्या ते फक्त तुम्हाला ऐकू येतं. त्या टोप्या सर्जिकल सामानाच्या दुकानात सुट्या मिळतात. फक्त माप पाइपच्या जाडीचं असतं, तेव्हा त्यासाठी तरी आधी वर जाऊन तो वॉकर बघावा लागेल.